अठरा उंदीर आणि अक्काचे गुडघे

या हकिकतीतली पहिली चूक हे लिहिणाऱ्याची आहे, ती आधीच कबूल केलेली बरी. नाहीतर पुढे एकेकाला नावं ठेवायला तोंड उरायचं नाही.

हे लिहिणारा एका कॉलेजात टायपिस्ट आहे. वनस्पतीशास्त्र विभागाचं प्रदर्शन होतं आणि नमुन्यांखाली लावायच्या पाट्या त्याच्याकडे टाइप करायला आल्या होत्या. पोस्टकार्डाएवढी पाटी, तिच्यात सहा ओळी. सातवी आली की चौकटीबाहेर. कडूजिभी नावाच्या एका झुडपाच्या नेमक्या सात ओळी होत होत्या. शेवटचं वाक्य असं होतं: ‘या पाल्याच्या अर्काने अठरा उंदरांवरील प्राथमिक चाचणीत सांध्यांची सूज कमी झाल्याचे आढळले.’ टायपिस्टनं विचार केला (केला, असं तो म्हणतो) आणि ‘अठरा उंदरांवरील प्राथमिक’ हे तीन शब्द उडवले. पाटी सहा ओळींत चपखल बसली.

पाट्या चिकटवायचं काम डिंकमामाचं. त्यानं ती पाटी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला.

“उंदीर कुठे गेले रे?”

“मावत नव्हते, मामा.”

“अरे, सबंध वाक्य त्यांच्या जिवावर उभं होतं!”

“वाचतंय कोण? लोक चहाबिस्किटांसाठी येतात.”

मामानं घड्याळाकडे पाहिलं. अकराला उद्घाटन आणि अजून एक्केचाळीस पाट्या बाकी. त्यानं तोंडातल्या तोंडात टायपिस्टचा उद्धार केला, कुंचला भांड्यात बुडवला आणि पाटी चिकटवली. मामाच्या हातचा डिंक म्हणजे फळी निघेल पण कागद निघायचा नाही.

पगारपत्रकावर त्याचं पद ‘नमुना परिचर’ असं होतं, पण त्या नावानं त्याला फक्त महिन्यातून एकदा, सही करताना हाक मारली जाई. एरवी तो सगळ्यांचा डिंकमामा. लग्न केलं नाही; मामा म्हणणारे दोनशे आणि भाचा एकही नाही. एकोणतीस वर्षं त्याचं काम एकच. कुणी रानातून झाड उपटून आणलं की ते टिपकागदांत पसरायचं, दोन फळ्यांमध्ये पट्ट्यांनी आवळायचं, रोज कागद बदलायचे. वाळलं की जाड कागदावर डिंकानं बसवायचं, देठ जाड असेल तर दोऱ्यानं टाके घालायचे, आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. नमुन्यांच्या खोलीत लोखंडी कपाटं, आणि कपाटांत डांबरगोळ्या. त्या वासाला मामाचं नाक सरावलं होतं, पण कपडे वास घेऊन घरी यायचे. “तू जिन्यात असतानाच घरातली झुरळं सामान आवरायला लागतात,” असं त्याची बहीण म्हणायची.

चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख, कुणी आणलं, आणि शेवटी ‘शेरा’. ही शेऱ्याची जागा प्राध्यापक मंडळी रिकामी सोडत. मामाला ते खपत नसे. तो तिथे ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी काहीतरी लिहून पुढचं लिही. एक नवे सर एकदा हसले होते.

“मामा, ‘माहीत नाही’ हे काय शास्त्र झालं?”

“सर, जागा रिकामी दिसली की माणसाला वाटतं, धोका नाही. ‘माहीत नाही’ वाचलं की निदान हात आखडतो.”

कडूजिभीचा कागदही त्याच्याच हातचा, बावीस वर्षांपूर्वीचा. खरखरीत, जिभेसारखं पान, सुकूनही हिरवं राहिलेलं. शेरा असा: ‘ऐकलं: पाला वाटून दुखऱ्या सांध्यावर बांधतात. पाहिलं: शेळ्या तोंड लावत नाहीत. पोटात गेल्यास: माहीत नाही.’ मग चार वर्षांपूर्वी विभागप्रमुख बाईंनी त्या पाल्याचा अर्क काढून उंदरांना पाजला, सूज उतरली, चार पानांचा निबंध छापून आला. या झाडाबद्दल जगात लिहिलं गेलेलं एवढंच: एक चिठ्ठी आणि चार पानं.

आता ती बहीण. अक्का मामापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा धाकट्याला तिनंच वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, मोडलं, आणि ती परत आली ती एका हातात पिशवी आणि हमालाच्या डोक्यावर शिलाई मशीन घेऊन. पायाचं मशीन. चाळीस वर्षं ते हाणून हाणून तिच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. दोन खोल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. अक्का बाजाराला उतरली की वर येताना प्रत्येक पायरीला एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन शिवी द्यायची, आणि नातेवाईक संपले तरी जिना उरायचा.

तिला प्रदर्शनाला मामानंच नेलं होतं, मिरवायला. तिनं प्रत्येक पाटी वाचली, कपड्याची शिवण तपासावी तशी, बोट फिरवून. कडूजिभीपाशी ती थांबली.

“धाकट्या, हे तू चिकटवलंस?”

“मीच. सगळ्याच मी चिकटवल्या.”

“मग खरं असणार.”

इथे मामानं तोंड उघडायचं होतं. ‘अक्का, ते उंदरांचं आहे,’ चार शब्द. पण उभ्या आयुष्यात अक्कानं त्याच्या कामाला ‘पाला चिकटवणं’ याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती त्याच्याकडे जरा मान वर करून बघत होती. मामा फुलला आणि गप्प बसला.

त्याच पाटीचा आणखी एका माणसानं फोटो काढला होता. बसस्टँडाबाहेर सतरंजी पसरून मुळ्या-साली विकणारा. महिन्याभरात त्याच्याकडे छापील पाकिटं आली: ‘कडूजिभी काढा. कॉलेजात चाचणी झालेला.’ खाली पाटीचं वाक्य जसंच्या तसं, सहा ओळींतलं.

अक्कानं पाकीट आणलं आणि रिळांच्या डब्यात लपवलं. दिवसातून दोनदा घ्या असं लिहिलं होतं. ती तीनदा घ्यायची, कारण गुडघे दोन असले तरी दुखणं जास्त होतं. आणि गंमत अशी, की गुण आला. पाल्यानं आला, की पाटीवरच्या विश्वासानं, हे कुणी सांगू शकणार नाही. पण पाचव्या आठवड्यात ती न थांबता जिना चढली आणि नातेवाइकांना शिव्या द्यायच्या राहिल्या म्हणून वर येऊन हसली. मामाला वाटलं, शेकण्यानं फरक पडला असेल.

तिसऱ्या महिन्यात तिची भूक गेली. मग अंगाला खाज. “कापडात काहीतरी खळ आहे,” म्हणून तिनं दोन गिऱ्हाइकांशी भांडण काढलं. एका सकाळी तिनं मामाला सुईत दोरा ओवायला हाक मारली. त्यानं सुई घेतली, उजेडासाठी खिडकीकडे वळला, आणि बोलता बोलता तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं जुन्या वर्तमानपत्रासारखं झालं होतं.

“अक्का, काय घेतेस तू?”

“काय घेणार? तुझा त्रास घेते.”

“डोळे पिवळे झालेत.”

“वय झालं की कापड पण पिवळं पडतं. दे ती सुई.”

दुपारी ती सुईसकट दवाखान्यात होती. तरुण डॉक्टरनं पोट दाबलं, नखं बघितली.

“आजी, कुठली औषधं चालू आहेत?”

“आजी कुणाला म्हणतोस? तुझ्या आईच्या वयाची असेन फार तर.”

“बरं, मावशी. काढा, पाला, भुकटी असं काही?”

“चहा.”

“नक्की?”

“साखर कमी घालते.”

रक्त तपासलं. नेहमीच्या काविळींपैकी एकही सापडली नाही. पोटाचा फोटो काढला, खडा नाही, गाठ नाही. यकृताचे आकडे मात्र रोज चढत होते. यात दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत अक्का खाटेवर बसून काढा पीतच होती. पाकीट उशीखाली, गरम पाणी वॉर्डातल्या मावशीकडून.

ही मावशी म्हणजे झाडलोट करणारी, बेडपॅन देणारी बाई. अंगात दवाखान्याचा निळा कोट, बाह्या इतक्या लांब की हात आत हरवायचे. तिसऱ्यांदा गरम पाणी मागितल्यावर तिनं कप हुंगला आणि व्हरांड्यात मामाला गाठलं.

“तुमच्या बहीणबाई चहा म्हणतात. मी तीस वर्षं चहा पितेय. चहाला असा वास नसतो.”

मामानं उशीखालून पाकीट काढलं, वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. त्याचंच वाक्य. उंदरांशिवाय.

“हे डॉक्टरला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या कॉलेजचं आहे ते. सांगितलं असतं तर तुझ्या नावाला बट्टा.”

“आणि मला?”

“तू काय म्हणाला असतास? ‘माहीत नाही.’ जन्मभर तेच लिहीत आलायस. मला गुडघे हवे होते, शेरा नको होता.”

मामा खाटेच्या कडेवर टेकला. “अक्का, ती चाचणी माणसांवर नव्हती. उंदरांवर होती.”

अक्कानं त्याच्या हातातल्या पाकिटावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “किती?”

“अठरा.”

“बरे झाले?”

“सूज उतरली त्यांची.”

“मग? पुढे?”

पुढचं मामाला ठाऊक होतं. तीन आठवड्यांनी ते मारले होते आणि कॉलेजच्या बागेमागे खड्डा त्यानंच खणला होता. तो म्हणाला, “पुढचं विचारून सांगतो.”

डॉक्टरनं पाकीट बघून कपाळाला हात लावला. काढा बंद झाला. “पण पाकिटात खरंच तेच झाड आहे का?” त्यानं विचारलं. “या लोकांच्या पुड्यांत काहीही असतं. दुसरं काही निघालं तर उपचाराची दिशा बदलेल.”

हे काम शहरात एकच माणूस करू शकत होता. मामानं पाकिटातला चुरा बशीत भिजत घातला, मऊ झालेले तुकडे चिमट्यानं उलगडून काचेवर पसरले, आणि कपाटातून बावीस वर्षांपूर्वीचा कागद काढून शेजारी ठेवला. खोलीबाहेर नेत नाहीत ते कागद. नियम त्यानंच लिहून दाराला लावला होता. भिंगाखाली तो एकच गोष्ट मागत होता: हे दुसरं काहीतरी असू दे. भेसळ असू दे. विकणारा लबाड असू दे. म्हणजे दोष त्याच्या बोडक्यावर घालून मोकळं होता येईल. पण पानाची कड तशीच करवती होती, शिरा तशाच, लव तशीच, तिच्या टोकाशी तेच इवले मणी. सतरंजीवाल्यानं प्रामाणिकपणे अस्सल माल दिला होता.

मामा कागद काखेत मारून तसाच विभागप्रमुख बाईंच्या केबिनमध्ये गेला.

“बाई, उंदरांची यकृतं कुणी बघितली होती?”

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “नाही बघितली, मामा. प्रश्न पंजाच्या सुजेचा होता. यकृताचे काप करायचे तर वेगळी मंजुरी, वेगळी माणसं. ते दुसऱ्या टप्प्यात धरलं होतं.”

“दुसरा टप्पा कधी झाला?”

“मंजूरच झाला नाही.”

“आणि अठराच्या अठरा उंदरांनी अर्क प्यायला होता?”

“नाही, सहांनी. सहांना नुसतं पाणी, सहांना नेहमीचं औषध. तुलना करायची तर तसंच करावं लागतं.”

“म्हणजे सहा.” मामानं बोटांवर मोजल्यासारखं केलं. “सहा उंदीर, तीन आठवडे, नुसते पाय बघितले. मग दुसरा टप्पा माझ्या घरी झाला म्हणायचा. एक बाई, तीन महिने.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरला एक पत्र हवं होतं, कॉलेजच्या कागदावर: झाडाची ओळख आम्ही पटवली आहे, पोटात घेण्याच्या सुरक्षिततेचा अभ्यास झालेला नाही, विक्रीतल्या पाकिटावर आमचं नाव चुकीनं वापरलंय. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे ते जाणार होतं.

“एका रुग्णावरून झाडाला दोषी ठरवता येत नाही, मामा. अपाय होतो असा पुरावा नाही.”

“अपाय होत नाही असा तरी कुठे आहे?”

“असं पत्रात लिहितात का?”

“मी एकोणतीस वर्षं लिहितोय.”

“प्राचार्यांना विचारावं लागेल,” बाई म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले संस्थेला विचारावं लागेल. संस्थेची बैठक पुढल्या महिन्यात होती. अक्काच्या यकृताला ती तारीख कळवायची कुणी?

वॉर्डात अक्कानं मावशीला हाक मारली. “ए चुगलखोर! इकडे ये.”

मावशी घाबरत आली.

“बाही दाखव. किती वर्षं दुमडून घालतेस?”

“नोकरी लागल्यापासून. एकाच मापाचे देतात सगळ्यांना.”

“कुठल्या गाढवानं शिवलाय? काढ तो कोट. दोन दिवसांत देते. चुगली केलीस म्हणून फुकट.”

डॉक्टरचंच पेन मागून तिनं दोन्ही बाह्यांवर मनगटाशी खुणा केल्या. मामानं घरून कात्री आणि सुईदोरा आणला. हातशिलाईनं, उशीला टेकून, पिवळ्या बोटांनी तिनं उजवी बाही कापली, दुमडली, बारीक टाक्यांनी शिवली. टाके असे, की मशीननं मान खाली घालावी. काढा बंद होऊन पाच दिवस झाले होते, आणि तिचा चेहरा जरा उजळला आहे असं मामाला वाटत होतं. “बघ, उतरतंय,” असं तो मावशीला म्हणालाही.

सातव्या दिवशी तिनं मामाला ‘बाबा’ म्हणून हाक मारली. डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, यकृत काम करेना की विष मेंदूपर्यंत जातं, मोठ्या शहरात नवं यकृत बसवतात, पण या वयात आणि इतक्या घाईत ते मिळायचं नाही. त्या दुपारी अक्का हवेत सुई चालवत होती. पाय चादरीखाली मशीन हाणत होते. गुडघे, डॉक्टरही म्हणाला, चांगले हलत होते.

दहाव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरनं कॉलेजच्या पत्राची वाट न बघता आपल्या सहीनं अहवाल पाठवला. दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं. नोंद घेतली आहे. औषधाचा आणि मृत्यूचा संबंध: ‘शक्य’. डॉक्टरनं समजावलं की नियमानं तेच बरोबर आहे, आधीची एकही नोंद नाही, एकाच नोंदीवरून याच्या पुढे कुणी जात नाही, पण दुसरी आली तर हीच पहिली म्हणून धरतील. मामानं मान हलवली. अक्का गेली हे नक्की, कशानं गेली हे शक्य, आणि पुरावा व्हायला अजून एक अक्का लागणार.

मधे एकदा तो बसस्टँडवर भांडायला म्हणून गेला होता. सतरंजीवाल्यानं ऐकून घेतलं आणि खरोखर हळहळला. “साहेब, मी दुसरीपर्यंत शिकलेला. कॉलेजनं लिहिलं, मी वाचलं. माझी आईसुद्धा हाच काढा घेते.” मग जरा थांबून, “पण पाटी तुम्हीच लावलेली ना?” ‘आईचा बंद कर’ एवढंच कसंबसं म्हणून मामा निघाला. निघताना त्याला नव्या छपाईची पाकिटं दिसली. एक ओळ वाढली होती: ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक.’

कॉलेजातली पाटीही बदलली. टायपिस्टनं अक्षर बारीक केलं आणि अठरा उंदीर परत आत घेतले. सहा ओळींतच मावले. इतकं सोपं होतं ते. जुनी पाटी खरवडायला मामाला अख्खा दिवस लागला. टायपिस्ट शेजारी उभा होता.

मामा अधूनमधून कागदपत्रांसाठी दवाखान्यात जायचा तेव्हा मावशी भेटायची. दुसरा कोट, तशाच लांब बाह्या, दुमडलेल्या.

“तुमचा कोट घरी आहे,” तो म्हणायचा. “देतो.”

“राहू द्या हो मामा. मला घाई नाही.”

“नाही, देतो. एकच बाही राहिलीय.”

एका शिंप्याकडे तो घेऊन गेलाही होता. शिंप्यानं दोन्ही बाह्या समोर धरल्या आणि म्हणाला, एक हातशिलाई, एक मशीन, असं विचित्र दिसेल. उजवी उसवतो आणि दोन्ही मशीनवर सारख्या करतो. मामानं कोट त्याच्या हातातून ओढून घेतला. आपण करून बघावं तर कागदावर देठाला टाके घालणं वेगळं आणि कापडाला कात्री लावणं वेगळं, चुकलं तर झाडासारखं दुसरं उपटून आणता येत नाही.

कोट अजून त्याच्याकडेच आहे. डावी बाही लांबच आहे, मनगटापाशी पेनाची खूण.